मागच्या ब्रेकची टाकी

१

टाकी जागेवर नव्हती.

मॅडमनी गाडीखाली टॉर्च मारला, मग तो दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा मारला, जणू हात बदलल्याने टाकी दिसणार होती. चेसिसच्या डाव्या अंगाला दोन लोखंडी पट्टे मोकळे लोंबत होते. काल संध्याकाळी त्या पट्ट्यांमध्ये काळ्या रंगाची, लांबट पिंपासारखी टाकी बसलेली त्यांनी स्वतः पाहिली होती. तेव्हा उजेड कमी होता, म्हणून आत पाहण्याचं काम आजसाठी ठेवलं होतं.

"काय झालं?" मालकांनी वाकून विचारलं.

"टाकी नाहीये."

"नाहीये म्हणजे? तिला काय पाय फुटले?"

"तिला नाही. नेणाऱ्याला असतील," मॅडम म्हणाल्या आणि कपडे झटकत गाडीखालून बाहेर आल्या.

मॅडमचं काम अपघातांची कारणं शोधायचं. त्या पदार्थविज्ञान शिकलेल्या, कमी बोलणाऱ्या. या यार्डातल्या मध्यम आकाराच्या मालट्रकचे ब्रेक पंधरवड्यापूर्वी उतारावर लागले नव्हते. रस्त्यावर माणसं होती, म्हणून ड्रायव्हरने गाडी कडेच्या भिंतीवर घातली. माणसं वाचली, तो गेला. यार्डात त्याला सगळे 'सावकाश' म्हणत, कारण गाडी तशीच चालवायचा.

अशा गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन हवा दाबून टाक्यांत भरतं. हवेबरोबर ओल येते आणि टाकीच्या तळाशी तिचं पाणी साचतं. रोज संध्याकाळी कॉकची, म्हणजे तिथल्या बारीक तोटीची, तार ओढून ते पाणी सोडायचं, हे ड्रायव्हरचं काम. नाही सोडलं तर गंज धरतो, गंजाचा चिखल होतो आणि चिखल पुढे ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. इथे मागचा व्हॉल्व्ह चिखलाने जाम झालेला सापडला होताच. त्याबद्दल वाद नव्हता. एकट्या पुढच्या ब्रेकवर एवढा माल थांबत नाही, यावरही नव्हता. वाद एवढाच होता की टाकीत पाणी राहिलं कुणामुळे.

मालकांचं उत्तर तयार होतं. "सावकाश पाणी सोडायचा नाही. तुम्ही तसं एकदा सांगून टाका, मॅडम. ही गाडी मी अशीच ठेवणार आहे. नवा ड्रायव्हर आला की आधी इथे आणून उभा करणार. बघ बाबा, आळस केला की असं होतं."

गाडीला तीन टाक्या होत्या. दोन धडकेत फाटल्या होत्या आणि नंतरच्या पावसात आतून-बाहेरून गंजल्या होत्या. त्यांची साक्ष संपली होती. अख्खी, बंद राहिली होती फक्त ही मागच्या ब्रेकची टाकी. खरं काय ते सांगू शकणारी एवढी एकच वस्तू यार्डात होती.

आणि ती रात्रीतून कुणीतरी उचलून नेली होती.

२

मिस्त्री यार्डातच राहायचा. हाताला ग्रीस, तोंडाला कुरकुर आणि डोक्याला रुमाल, अशा अवस्थेत तो आला आणि कापलेल्या नळ्या पाहून आधी त्यांच्यासाठीच हळहळला.

"नळी कापली हो! नट सोडायला काय हात मोडले होते?"

"तू असतास तर काय केलं असतंस?"

"मी टाकी चोरली असती तर, असं म्हणायचंय का मॅडम?"

"तसंच."

मिस्त्री जरा हसला. "नट सोडला असता, नळी पुसली असती आणि तोंडाला चिंधी लावून ठेवली असती. सवय आहे. चोरी करतानासुद्धा गेली नसती."

मॅडमनी नळ्यांकडे पुन्हा पाहिलं. टाकीतून दोन रबरी नळ्या निघत होत्या. एक जाडी, ब्रेककडे जाणारी. एक बारीक, केबिनमधल्या काट्याकडे जाणारी. दोन्ही धारदार पात्याने सरळ कापलेल्या. पण टाकीजवळ नाही, टाकीपासून चांगल्या हातभर अंतरावर. नेणाऱ्याने टाकीबरोबर नळीची लांब शेपटं नेली होती. आणि टाकीत हवा भरणारी तिसरी नळी मात्र टाकीला अगदी चिकटून कापली होती.

"या तिसऱ्या नळीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह असतो ना?"

"असतो की. हवा आत जाऊ देतो, परत येऊ देत नाही. तो टाकीतच बसवलेला, तिच्याबरोबर गेला."

"काल संध्याकाळी केबिनमध्ये मागच्या टाकीचा काटा मी पाहिला. शून्यावर नव्हता. आत हवा होती अजून."

"होती. ब्रेककडचा व्हॉल्व्ह जाम, मग जाणार कुठे? झिरपत असेल थोडी थोडी."

"मग नळी कापल्यावर आवाज झाला असेल."

"फटाक्यासारखा!" मिस्त्री म्हणाला आणि थबकला. "पण झाला नाही. मला मांजर शिंकलं तरी जाग येते. रात्री काही म्हणजे काही वाजलं नाही."

मॅडमनी पट्ट्यांचे नट पाहिले. सोडलेले नट कुणीतरी परत आपापल्या बोल्टवर हाताने फिरवून ठेवले होते, हरवू नयेत म्हणून. चोर सहसा इतका नीटनेटका नसतो. खाली मातीत बोटभर धागा पडला होता. त्यांनी तो चिमटीत धरला. धागा चिकट होता, मेण लावलेला.

त्यांनी तो खिशात ठेवला आणि दुसरंच विचारलं. "ही टाकी गेल्या वर्षी बदललेली आहे ना?"

"हो. जुनी तळातून गेली होती. मीच बसवली नवी."

"टाकी नवी. पण नळ्या जुन्या, तितक्याच लांबीच्या. नव्या टाकीची तोंडं जुन्या नळ्यांना जुळली कशी?"

मिस्त्रीने डोक्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि परत बांधला.

३

"नवी टाकी वीस लिटरच्या जागी वीस लिटरची होती," मालक म्हणाले. "मीच आणली. लिटर बरोबर, जाडी बरोबर, लांबी बरोबर. आणखी काय बघायचं असतं?"

"तोंडं कुठे आहेत ते."

"म्हणजे?"

"हवा आत येते, बाहेर जाते, पाणी सुटतं, त्या सगळ्यांची भोकं. वेगवेगळ्या टाक्यांना ती वेगवेगळ्या जागी असतात."

मालकांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री जमिनीकडे पाहत होता.

"मी तेव्हाच म्हणालो होतो," मिस्त्री पुटपुटला. "नळ्या पोचत नाहीत, दुसरी टाकी आणा, नाहीतर नळ्या तरी नव्या आणा. तुम्ही म्हणालात, गाडी सकाळी हवी. मग मी टाकी पट्ट्यात जराशी फिरवली. म्हणजे नळ्या पोचल्या."

"आणि पाणी सोडायचं भोक?" मॅडमनी विचारलं.

"तेही फिरलं. तळाला राहिलं नाही, बाजूला वर सरकलं. थोडंसंच, मॅडम! मला वाटलं, एवढ्याने काय होतंय."

मालक खुर्चीत पुढे सरकले. "अहो, हा आता वाट्टेल ते सांगेल. सावकाशचा दोस्त होता तो. बाजूला असलं भोक तरी रोज तार ओढली असती तर पाणी गेलंच असतं ना?"

"भोकापर्यंतचं गेलं असतं. त्याच्या खालचं नाही."

"आणि ओढलीच नसेल तर? मी म्हणतो ओढली नाही. तुम्ही म्हणा ओढली. टाकी कुठाय दाखवायला?" त्यांनी हात पसरले. "आणि माझ्याकडे असं बघू नका. टाकीत गंज निघणार होता. माझंच म्हणणं खरं होणार होतं. मी कशाला पळवीन?"

हे मॅडमना पटलं. मिस्त्रीला लपवायचं होतं ते तर त्याने आत्ताच ओकलं होतं. राहिला भंगारवाला. तो कालच मोडक्या गाडीभोवती घिरट्या घालून गेला होता. फाटकाशी सापडला तेव्हा तो ढकलगाडीवर बसून दात कोरत होता.

"टाकी?" तो म्हणाला. "बाई, त्या टाकीच्या शेजारी बॅटरी आहे. शिशाने भरलेली. मी टाकी नेईन आणि बॅटरी सोडीन? माझ्या बायकोने ऐकलं तर मला घरात घेणार नाही!"

बॅटरी खरंच जागेवर होती. पितळेचे जोडही होते. नेणाऱ्याला लोखंड नको होतं, पितळ नको होतं, पुरावा नको होता आणि पुरावा मिटवायचाही नव्हता. फक्त ती टाकी हवी होती, आणि तीही आवाज न होता.

मॅडम परत गाडीशी आल्या आणि या वेळी खाली न वाकता केबिनमध्ये चढल्या.

४

समोरची काच फुटून केबिनभर पसरली होती. पायाशी, खाचांत, दाराच्या खिशात, सगळीकडे खडीसाखरेसारखे तुकडे होते. ड्रायव्हरच्या सीटवर मात्र एकही नव्हता. सीट हाताने पुसलेली होती.

इथे कुणीतरी येऊन बसत होतं.

मॅडम शेजारच्या सीटवर जपून टेकल्या. त्या जागेवरून काय दिसतं? तुटलेली चौकट, यार्डाची भिंत, आणि समोर दोन काटे. पुढच्या टाकीचा काटा धडकेपासूनच शून्यावर. मागच्या टाकीचा काल अजून वर होता. मिस्त्री म्हणाला, झिरपत असेल. म्हणजे रोज इथे येऊन बसणाऱ्याला तो काटा रोज थोडा खाली आलेला दिसत होता. केसभर. मग आणखी केसभर.

मॅडमना त्यांच्या वडिलांची सायकल आठवली. वडील शेवटचे दवाखान्यात गेले त्या सकाळी सायकलमध्ये हवा भरून गेले होते, परत आल्यावर लागेल म्हणून. ते आले नाहीत. आईने सायकल कुणाला देऊ दिली नाही. मॅडम तेव्हा कॉलेजात होत्या, रबरातून हवा कशी निसटते हे त्यांना नीट ठाऊक होतं. तरीही येता-जाता त्या टायर अंगठ्याने दाबून पाहायच्या. वडिलांच्या दंडाच्या जोराने आत गेलेली हवा होती ती. एक दिवस अंगठा आत रुतला, आणि वडील गेल्याच्या दिवशीसारखं पुन्हा रडू आलं.

मग मनात एकेक गोष्ट आपल्या जागी जाऊन बसली.

नळ्या हातभर लांब ठेवून का कापल्या? दुमडायला लांबी लागते म्हणून. रबरी नळी दोनदा दुमडून गच्च बांधली की हवा अडते. मग पुढे कापली तर आवाज होत नाही. ब्रेकची नळी तशी, काट्याची नळी तशी. तिसरीला बांधायची गरजच नव्हती, तिथे व्हॉल्व्ह होता. बांधलं कशाने? मेण लावलेल्या दोऱ्याने. कापलं कशाने? जाड कापड एका ओढीत कापणाऱ्या सुरीने.

टाकी रिकामी झाल्यावर न्यायला कुणीही आलं असतं. ही भरलेली असतानाच न्यायची होती. कारण नेणाऱ्याला टाकी नकोच होती.

यार्डात मेणाचा दोरा वापरणारं एकच माणूस होतं.

५

शेडमध्ये ताडपत्र्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. मधोमध शिलाई मशीन, आणि मशीनमागे वहिनी. यार्डातल्या सगळ्या गाड्यांच्या ताडपत्र्या ती शिवायची. सावकाशची बायको म्हणून सगळे तिला वहिनी म्हणत, आणि तो गेल्यावरही तेच चालू राहिलं होतं.

"या, ताई," ती म्हणाली. मशीन थांबवलं नाही.

मॅडमनी खिशातला धागा काढून मशीनच्या पाटीवर ठेवला.

मशीन थांबलं.

"मला वाटलंच," वहिनी म्हणाली. "काल तुम्ही बोटाने टकटक केलंत ना तिच्यावर, तेव्हाच म्हटलं, ही बाई उघडल्याशिवाय राहायची नाही."

"कुठे आहे?"

वहिनी उठली. दोन गठ्ठे सरकवले. मागे, ताडपत्रीचं नवं आवरण शिवून, दोरीने कसून आवळलेली टाकी होती. तान्ह्या बाळाला गुंडाळावं तशी. नळ्यांची दुमडलेली टोकं आवरणाबाहेर नीट काढलेली होती. दोऱ्याचे वेढे इतके सारखे होते की मॅडमना क्षणभर कौतुकच वाटलं.

"त्या दिवशी सकाळी गाडी सुरू करून तो खाली उभा होता," वहिनी म्हणाली. "काटे वर येईपर्यंत गाडी हलवायची नाही, असा त्याचा नेम. मी वैतागायचे. म्हटलं, बाकीचे निघाले, तू अजून हवाच भरतोयस. तर म्हणाला, भरू दे गं. तीच ही. त्यानेच भरलेली."

"माहीत आहे मला."

"काटा खाली येत होता, ताई. रोज. मी काय करणार होते? बघत बसणार होते?"

मॅडम गठ्ठ्यावर टेकल्या. पुढचं बोलणं त्यांना नको होतं, पण ते बोलायलाच त्या आल्या होत्या.

"वहिनी, मालक म्हणतात, तो पाणी सोडायचा नाही."

"खोटं!" तिचा आवाज चढला. "रोज सोडायचा. जेवायला उशीर झाला तरी आधी तार ओढून यायचा. नव्या टाकीतून पाणी कमी येतं म्हणून खूशसुद्धा होता. म्हणायचा, मिस्त्रीने काय झकास बसवलीये."

"तुम्ही सांगाल, मिस्त्री सांगेल. मालक म्हणतील, एक बायको आणि एक दोस्त. पण ही टाकी सांगेल. भोक बाजूला होतं. त्याच्या खालचं पाणी कधीच गेलं नाही, त्या पाण्यानेच घात केला. पण तो रोज तार ओढत असेल, तर पाणी भोकाच्या वर कधी टिकलंच नसणार. आत गंजाची रेघ असेल ती बरोबर भोकाच्या कडेला असेल. ओढत नसेल, तर वर असेल."

"मग बघा की."

"उघडावी लागेल."

वहिनीला कळायला एक क्षण लागला. मग तिने टाकीवर हात ठेवला आणि तो उचलला नाही.

"म्हणजे त्याचं नाव राहील," ती हळूच म्हणाली, "आणि हे जाईल."

मॅडमनी मान हलवली. यातलं एकही वाक्य मऊ करण्यासारखं नव्हतं.

"नाही उघडली तर?"

"तर तुमच्याकडे ही राहील. आणि मालक गाडी दाखवत राहतील."

बाहेर मिस्त्री कुणावर तरी ओरडत होता.

"इथेच," ती शेवटी म्हणाली. "माझ्या शेडमध्ये. आणि मालकांना बोलवा. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला पाहिजे."

६

मालक दारातच उभे राहिले. मिस्त्री पाना घेऊन आत आला, टाकी पाहिली, गुंडाळलेलं आवरण पाहिलं. त्याने पाना वहिनीच्या हातात दिला.

"कॉक आधी," तो म्हणाला. "हळू."

वहिनी जमिनीवर बसली, टाकी मांडीशी घेतली आणि कॉक थोडासा फिरवला. हवा बारीक सुरात बाहेर यायला लागली. तिला तेलाचा आणि ओल्या लोखंडाचा वास होता. सावकाश घरी यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला हाच वास असणार, असं मॅडमच्या मनात आलं. वहिनीने कॉक जास्त उघडला नाही. तिच्या कपाळावरची बट त्या हवेने हलत होती. सूर उतरत गेला, पुसट झाला आणि मग नव्हता.

"संपली," वहिनी म्हणाली.

"नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी हे सांगावं की नाही याचा विचार केला नव्हता, ते तोंडून गेलंच. "आतला दाब आणि बाहेरचा दाब सारखा झाला की आवाज थांबतो. टाकी रिकामी होत नाही. एक टाकीभर हवा अजून आत आहे. तीच."

वहिनीने वर पाहिलं.

"आणि आता टोकाचं हे बूच काढलं की?"

"मग ती हळूहळू मिसळेल. बाहेरच्या हवेत."

मालक दारात पाय बदलत होते. "चला की, उरकून घ्या," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिस्त्रीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते परत मिटलं.

वहिनीने टाकीच्या टोकाच्या बुचाला पाना लावला. नेट लावला. बूच सैल झाल्यावर पाना बाजूला ठेवून बोटांनी फिरवलं, एकेक आटा. ते निघालं तसं तिने तोंड त्या भोकाला लावलं, डोळे मिटले आणि श्वास घेतला. लांब, खोल, खांदे वर येईपर्यंत. मग टाकी मॅडमकडे सरकवली.

मॅडमनी बारीक दिवा आत सोडला आणि काडीवरचा आरसा. तळाला काळपट लाल चिखल होता. त्यातून वर येणारा गंज एका जागी संपत होता, पट्टीने आखल्यासारखा. त्याच्या वरचं लोखंड अजून नव्यासारखं चमकत होतं. त्यांनी आरसा तसूभर फिरवला. पाणी सोडायचं भोक दिसलं. रेघ भोकाच्या खालच्या कडेला टेकली होती. वर कुठेही डाग नव्हता, ओघळ नव्हता.

"बघा," आरसा आत तसाच धरून त्यांनी मालकांना जवळ बोलावलं. त्या घाईत होत्या, आणि का, ते त्या खोलीत त्यांनाच माहीत होतं. "रेघ कुठे आहे सांगा."

मालक वाकले. डोळे बारीक केले. दिवा स्वतःच्या हातात घेतला. वेळ लागला.

"भोकाशी," ते म्हणाले.

"वर?"

"वर काही नाही."

"अधूनमधून जरी चुकवत राहिला असता तरी वर असती. याचा अर्थ काय?"

मालक सरळ झाले. वहिनीकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली. "रोज सोडायचा," ते म्हणाले. "त्याची चूक नव्हती. टाकी मी चुकीची आणली." थोडं थांबून म्हणाले, "ती गाडी उद्या हलवतो तिथून."

मिस्त्री खाली बसला आणि रुमालात तोंड खुपसून रडायला लागला.

मॅडमनी वहिनीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि चेहरा लालबुंद झाला होता. तिने मान हलवली, एकदा, पुन्हा एकदा, ऐकलं म्हणून. ओठ घट्ट मिटलेले होते, आणि छाती अजून खाली आली नव्हती.